घाणा मुंग्यांसकट

“पंजा उमटवशील तर खबरदार, मुंगूसराव!” थोरली मुंगी कडाडली. प्राण्यांचे तेलघाणे चालत त्या काळातलं हे भांडण, करंजाच्या झाडाखाली सकाळपासून पेटलेलं.

मुंगसाला आपला घाणा, जो या मुंग्याच फिरवत, ओढ्यापलीकडे न्यायचा होता. तिथली मालकीण घोरपड जागा फुकट देत होती. करार पळसाच्या पानावर तयार होता आणि मुंगसाचा पंजा चिखलात बुडवून झाला होता.

“फुकटची जागा कोण सोडतं, म्हातारे?”

“पान पुरतं वाचलंस का? ‘घाणा मुंग्यांसकट येईल, न आल्यास घाणा घोरपडीचा.’ ते ‘सकट’ दिसलं नाही तुला?”

“मग या की सकट! आजवर आलातच ना माझ्यामागं?”

“कोरड्यावरून आलो. आता अंड्यांसह आम्हाला ओढा कोण पार करून देणार? तिकडं वारूळ कोण बांधून देणार?”

“नका येऊ! तिकडचे मुंगळे ठेवीन.”

“ते निम्मं तेल मागतात, वर चावतात. आणि करारात मुंगळे नाहीत, मुंग्या आहेत!”

बापानं घडवलेला घाणा मुंगसाला घोरपडीच्या दारात दिसू लागला. तरी तो हट्टानं म्हणाला, “मालक मी आहे. मी नेईन तिकडं यायचं!” पंजा पानापासून बोटभर उरला.

तेव्हा थोरली जे बोलली, ते ऐकून त्यानं पंजा गवताला पुसला. ती म्हणाली, “घाणा तुझा आहे, तो खुशाल लिहून दे, पण आमचे पाय तुझ्या नावावर कधी झाले, ते आधी सांग!”