धाकू सासूला दवाखान्यात नेतो

एका गावात एक भोळा जावई होता. नाव धाकू. सासूची नारळाची वाडी होती आणि घरात दुसरा पुरुष नव्हता, म्हणून तो घरजावई होऊन राहिला होता. सासू भागीरथीबाई त्याला दिवसभर फैलावर घेत. मेल्या, झावळ्या उचल. मेल्या, म्हशीला पाणी दाव. धाकूला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट सासू ओरडल्याशिवाय त्याला सकाळ झाल्यासारखंच वाटत नसे.

एकदा दवाखान्याच्या पालकर नर्सबाई देवळात सभा घेऊन सांगून गेल्या, की डोक्याचा मार अंगावर काढू नका, दवाखान्यात या. धाकूने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी शेजारचा दत्ताराम सुतार गोठ्यातून बाहेर पडताना चौकटीला थडकला. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ आलं. दत्ताराम स्वतःच हसत होता. धाकूने त्याला पाठुंगळीला मारलं आणि हातातल्या रंध्यासकट नेऊन दवाखान्याच्या बाकावर ठेवलं.

नर्सबाईंनी टेंगूळ पाहिलं. माणूस शुद्धीवर आहे, नीट बोलतोय, नीट चालतोय, तेव्हा गार पाण्याची पट्टी ठेवा आणि लक्ष ठेवा, असं त्या म्हणाल्या. उलट्या व्हायला लागल्या तर मात्र ताबडतोब आणा.

धाकूने मान डोलावली. त्याच आठवड्यात मधू गुरव पैजेवर अख्खा फणस खाऊन बसला आणि भडाभडा ओकायला लागला. धाकूने त्याच्या डोक्याला पंचा आवळून बांधला आणि त्याला बैलगाडीत घातलं. मधू कळवळून सांगत होता की डोकं ठीक आहे, पोट दुखतंय. धाकूने त्याला गप्प बसवलं. बोलून डोक्याला ताण नको.

नर्सबाईंनी पंचा सोडला आणि पोटाचं औषध दिलं. आधी डोक्याला मार लागलेला हवा, हे त्यांनी धाकूला बजावून सांगितलं. मार लागला की नाव विचारायचं, आज वार कोणता ते विचारायचं. उत्तर आलं नाही किंवा भलतंच आलं, की आणायचं.

आता धाकू पक्का तयार झाला. आणि नेमकं सासूच्या म्हशीने खांबाला डोकं आपटलं. धाकूने तिला नाव विचारलं. म्हैस गप्प. वार विचारला. तरी गप्प. धाकूचं धाबं दणाणलं. त्याने दावं सोडलं आणि निघाला. वाटेत गवत दिसलं की म्हैस थांबे आणि म्हैस थांबली की धाकू थांबे. सकाळी निघालेली वरात दवाखान्यात पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती.

नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. "धाकू, ही काल बोलत होती का?"

"नाही."

"मग आज कशी बोलेल? मार लागण्याआधी होती तशी आता नसेल, तर घाबरायचं. आणि खरंच तसं झालं, तर असा रमतगमत येऊ नकोस. तडक निघायचं. कुणासाठी थांबायचं नाही."

पुढे वाडीत नारळ उतरवणं चाललं होतं. भागीरथीबाई बुंध्याशी उभ्या राहून वर चढलेल्या गड्यावर ओरडत होत्या. एक नारळ झावळीला आपटून वाकडा उडाला आणि त्यांच्या डोक्याला लागला. त्या मटकन खाली बसल्या. जरा वेळाने दोनदा ओकल्या. मग धाकूकडे बघून गोड हसल्या.

"जावईबापू, दमलात हो. बसा, मी वारा घालते."

वाडीतल्या बायकांना आनंद झाला. नारळाने बाईला वळण लावलं म्हणाल्या, आणि त्याच नारळाने दृष्ट काढायला लागल्या. आईला जावयाची किंमत कळली म्हणून धाकूची बायको कुसुम डोळे पुसू लागली. एकटा धाकू बोटांवर मोजू लागला. मार होता, उलट्या होत्या. त्याने घाईघाईने वार विचारला. सासू म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तो."

धाकूला रडूच फुटलं. आजवर त्याच्या म्हणण्याने त्या घरात झावळीसुद्धा हलली नव्हती. त्याला ही गोड सासू नको होती, आपली ओरडणारीच हवी होती. तो रस्त्याकडे धावत सुटला आणि रिक्षा थेट अंगणात घेऊन आला.

भागीरथीबाईंवर वेळेत उपचार झाले आणि त्या वाचल्या, हे इथेच सांगून टाकू या. म्हणजे पुढचं ऐकून हसायला कुणाला अवघड वाटायला नको.

रिक्षा दवाखान्याच्या दारात करकचून थांबली. धाकू आत धावला आणि त्याने धापा टाकत सगळं सांगितलं. मार सांगितला, उलट्या सांगितल्या, वाराचं उत्तर सांगितलं, गोड बोलणं सांगितलं. एका शब्दाची चूक नाही. नर्सबाईंना त्याचं मनापासून कौतुक वाटलं. त्या स्ट्रेचर ढकलत बाहेर आल्या. रिक्षा रिकामी होती.

"अरे, सासूबाई कुठायत?"

"चांगलं लुगडं नेसून येते, जरा थांबा म्हणाल्या," धाकू म्हणाला. "पण मी नाही थांबलो, बाई. तडक निघालो."