न पाहिलेल्या सामन्याचा वाटा

एका जंगलात ओढ्याच्या काठी एक साळिंदर राहत असे. राहत असे म्हणजे झोपायला बिळात जात असे, एवढेच. बाकी सारा दिवस ते मैदानावर असे. तिथे ओढ्याकाठच्या लहानसहान प्राण्यांचा फुटबॉलचा संघ होता आणि त्याचा सगळा कारभार हे साळिंदर पाही. संघ काही मोठा नव्हता आणि मुलांनो, खरे सांगायचे तर फारसा चांगलाही नव्हता. गोलरक्षक वानर तर सामना रंगेनासा झाला की खुशाल आडव्या दांडीवर चढून बसे. तरीही दर आठवड्याला मैदान गच्च भरे, कारण तो संघ ओढ्याकाठच्या प्रत्येकाला आपला वाटे.

मैदानाच्या दाराशी उंबराचे जुने झाड होते. आत येणाऱ्याने त्याच्या ढोलीत आपला वाटा टाकायचा, अशी रीत होती. हरणे आवळे टाकत, रानडुकरे कंद टाकत, चिमणी एखादा दाणा टाकी. त्यावर खेळाडूंचे आठवडाभर पोट भरे, आणि गोलाचे खांब पोखरून टाकणाऱ्या वाळवीचा बंदोबस्तही होई. वर पठारावर मोठ्या प्राण्यांचा संघ होता, त्याची गोष्ट निराळी. त्याच्यावर सिंहमहाराजांची मेहेरबानी होती. शिवाय पोपट त्याच्या सामन्यांचे वर्णन सात जंगलांत जाऊन ऐकवत, आणि त्याबद्दल सातही जंगलांतून फळांच्या पाट्या येत. मैदानात कोणी आले काय अन् न आले काय, पठारावरची पंगत कधी उठत नसे.

एका वर्षी जंगलात खुरांच्या आजाराची साथ आली. सिंहाने हुकूम काढला आणि टिटवीने तो रानभर ओरडून सांगितला, "सामने होतील, पण पाहायला कोणी जमायचं नाही." हुकूम शहाणपणाचाच होता, त्याला कोणी नावे ठेवली नाहीत. पण ओढ्याकाठच्या मैदानावर असा शुकशुकाट झाला की खेळाडूंना एकमेकांची धाप ऐकू येऊ लागली. पहिल्याच सामन्यात वानराने एक अवघड गोल अडवला आणि सवयीने चहूकडे पाहिले. पाहायला कोणी नव्हते. चौथ्या सामन्यापर्यंत ढोलीत कोळ्याने जाळे विणले होते.

आता साळिंदराने काय करावे? झाले आहे ते चारचौघांत सांगावे की नाही? पण साळिंदर मोठे मानी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे त्याचे मत. बगळ्याने लांबूनच विचारले, "कसं चाललंय?" तेव्हा साळिंदर काटे फुलवून म्हणाले, "उत्तम." मग बिळात साठवलेले स्वतःचे कंद त्याने गुपचूप खेळाडूंना वाटले. तेही संपले. संघातला सर्वांत चपळ ससा एका सकाळी डोळे पुसत पठारावर निघून गेला. साळिंदराला त्याचा राग आला नाही, फार वाईट मात्र वाटले. ओढ्याकाठचे प्राणी आपापल्या घरी बसून म्हणत होते, "सामने चालू आहेत म्हणजे सगळं ठीकच असणार."

भूक लागल्याचा वास कोल्ह्याला सगळ्यांत आधी येतो. तो आला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काका, तुमचे हाल बघवत नाहीत. बंदी उठेपर्यंत पुरेल एवढं खाणं मी देतो. बदल्यात मैदान माझ्या नावावर करा. खेळा तुम्हीच, मात्र दाराशी मी बसेन. कोणी किती वाटा टाकायचा आणि कोणाला आत सोडायचं, ते मी ठरवीन."

"चिमणीचा एक दाणा चालेल ना?" साळिंदराने विचारले.

"चिमण्यांनी घरी बसून किलबिल करावी," कोल्हा म्हणाला. "पौर्णिमेला संध्याकाळी येतो. तोवर विचार करा."

साळिंदराने पौर्णिमेपर्यंतचे पंधरा दिवस विचार करायचे ठरवले, पण विचार करण्यासारखे उरले होते काय? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याने मनातल्या मनात मैदान देऊनही टाकले होते.

तेवढ्यात दाराशी एक गोगलगाय आली. ती ओढ्याच्या लांबच्या वळणावर राहायची, आणि मैदान गाठायला तिला महिन्याहून अधिक लागे. पाठीवरच्या शंखाला नाचणीचा एक दाणा चिकटवून ती सरळ उंबराकडे निघाली.

"अगं बाई, थांब," साळिंदर म्हणाले. "सामना कालच झाला. आणि महिना झाला, प्रेक्षकांना बंदी आहे."

"अस्सं? मी निघाले तेव्हा नव्हती," गोगलगाय म्हणाली, आणि खोडावर चढू लागली.

"तुला आत सोडता येणार नाही गं. दाणा परत घेऊन जा."

"आत मी कधी आले होते? मी पोचते तेव्हा दरवेळी शेवटची शिट्टी होऊन गेलेली असते. तीन वर्षांत एक गोल पाहिला नाही मी."

साळिंदर चकित झाले. "मग दाणा कशाचा टाकतेस?"

"पुढच्या खेपेला सामना व्हावा म्हणून," गोगलगाय म्हणाली. तोवर ती ढोलीपाशी पोचली होती. तिने आत पाहिले आणि दाणा टाकायच्या आधी ती थांबली. "इथे तर जाळं आहे."

साळिंदराने काटे फुलवले. पण समोर इतक्या लांबून आलेली पाहुणी, तिच्याशी खोटे कसे बोलावे? त्याला रडूच फुटले. त्याने रिकामी ढोली, ससा, कोल्हा, सगळे सांगून टाकले.

"हे कोणाकोणाला ठाऊक आहे?" गोगलगायीने विचारले.

"कोणालाच नाही."

"मग कोणी काही करावं तरी कसं? मी जाता जाता वाटेत सांगू का?"

साळिंदराचे काटे पुन्हा उभे राहिले. बराच वेळ ते तसेच राहिले. मग एकेक करून खाली बसले. "सांग," साळिंदर म्हणाले.

पंधरा दिवसांत गोगलगाय काही फार लांब गेली नाही. पण ओढ्याची वाट रहदारीची. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जाई, आणि ती प्रत्येकाला तेच सांगे. काहींनी कानाडोळा केला. पण पुष्कळांच्या जिवाला लागले. "अरे, आम्हाला सांगायचं तरी," असे म्हणत एकेक जण येऊ लागला, गर्दी न करता, वाटा टाकून मुकाट परत जाऊ लागला. साथीमुळे खूरवाल्यांना तर घराबाहेर पडायचीच मनाई होती. त्यांचे आवळे नि कंद बगळ्यांनी पोचवले. ढोली पूर्वीसारखी काठोकाठ भरली नाही, पण संघाला अर्धपोटी का होईना, तग धरता येईल एवढे त्यात साठले.

पौर्णिमेला संध्याकाळी कोल्हा आला. त्याने ढोलीत डोकावले आणि त्याचे कान खाली पडले. "बंदी उठली की काय?"

"नाही," साळिंदर म्हणाले.

"मग सामना कोणी पाहिला?"

"कोणीच नाही."

"न पाहिलेल्या सामन्याचा वाटा टाकायला हे सगळे वेडे आहेत का?"

"मीही तसंच समजत होतो," साळिंदर शांतपणे म्हणाले. "म्हणून तर मैदान माझंच आहे असं धरून मी ते तुला द्यायला निघालो होतो. पण ते द्यायला माझं कुठं आहे? ज्यांचं आहे, त्यांना विचार. चिमणीपासून सुरुवात कर."

कोल्ह्याने वर पाहिले. उंबराच्या फांदीवर चिमणी बसली होती, आणि तिच्या चोचीत एक दाणा होता.

तात्पर्य : जे सगळ्यांच्या वाट्यावर उभे असते, ते एकट्याचे नसते, म्हणून त्याची अडचणही एकट्याने झाकून ठेवू नये.