आंघोळीच्या पाण्यावरचा डिसेंट

"डिसेंट म्हणजे काय रे, दामोदर?"

सखाबुवांनी पाठीमागून विचारलं आणि मठाच्या पायरीवर दामोदरचं पाऊल अडलं. काखेत वळकटी होती.

काल पाहुण्यांसमोर हा शब्द त्यानंच फेकला होता. बुवांचं वय झालेलं, छातीत कफ, डोंगरावरची बोचरी थंडी, आणि आंघोळ मात्र विहिरीच्या गार पाण्यानंच. दामोदरनं रोज पाणी तापवायचं, बुवांनी रोज ती बादली बाजूला सारायची. काल त्याचा तोल सुटला.

"ही तपश्चर्या नाही बुवा, हट्ट आहे! माझा याला डिसेंट आहे!"

पाहुणे गेल्यावर थोरला शिष्य केरबा एवढंच म्हणाला, "गुरूला चारचौघांत उलटं बोललास. आता इथं कोणत्या तोंडानं राहणार?"

म्हणून ही वळकटी.

"सांग की. कॉलेजात इंग्रजी शिकवायचास ना?"

"मतभेद, बुवा."

"मग मतभेदच म्हणायचं. इतक्या लांबून शब्द कशाला आणलास?"

दामोदरचे कान तापले. तरी शब्दाचं मूळ सांगितल्यावाचून त्याला राहवेना.

"लॅटिनातून आलाय. डिस म्हणजे वेगळं. सेंटिरे म्हणजे जाणवणं. दुसऱ्याहून वेगळं जाणवणं, तो डिसेंट."

"अस्सं..." बुवांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाले, "आणि ज्याला वेगळं जाणवलं त्यानं चालतं व्हायचं, हेही लॅटिनातच आहे?"

"नाही... ते केरबा म्हणाला."

बुवा गालातल्या गालात हसले. न्हाणीच्या दगडापाशी दोन बादल्या होत्या. गार होती ती बुवांची. वाफाळती दामोदरची, निघायच्या दिवशीही त्यानं पाणी तापवलंच होतं.

"उजवा हात तुझ्या बादलीत घाल. डावा माझ्या."

"बुवा, माझी बस..."

"घाल रे."

त्यानं घातले. उजवा हात लाल झाला, डावा बधिरला. मग बुवांनी दोन्ही बादल्यांतलं पाणी तांब्यानं घंगाळात ओतलं, हातानं ढवळलं.

"आता दोन्ही हात यात. कसं आहे पाणी?"

"गार..." दामोदर थांबला. "नाही. उजव्याला गार लागतंय. डाव्याला चांगलं ऊन."

"पाणी?"

"एकच."

"आणि माणूस?"

"तोही... एकच."

बुवांनी त्याचे हात घंगाळातून बाहेर काढले. आपल्या उपरण्यानं एकेक बोट पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं. मग वळकटीकडे पाहिलं.

"जा, केरबाला विचारून ये... यातला कोणता हात बसनं पाठवायचा?"