गालिचेवाल्याचा चहा

इस्तंबूलच्या बाजारात आई गालिच्यांच्या दुकानात शिरली तीच मुळी "नुसतं बघू गं" म्हणत. मालक यावुझ म्हणजे भरदार मिशांचा, एकदम ऐटबाज माणूस. त्याने आधी आम्हाला सफरचंदाचा चहा पाजला आणि मग गालिचे उलगडायला घेतले. वीस तरी उलगडले असतील! त्यातल्या सगळ्यात स्वस्त गालिच्याच्या किमतीत आमची अख्खी ट्रिप परत एकदा झाली असती. आई म्हणाली, "छान आहेत हो, पण नको."

झालं! यावुझ थेट दारात आडवा उभा राहिला. "आमचा चहा पिऊन कुणी रिकाम्या हाताने जात नाही," तो इंग्रजीत गरजला. "एक तरी घ्यावाच लागेल!"

बाहेर टूरची बस सुटायला पाच मिनिटं होती. मी घाबरून पर्सच उघडायला लागले.

आईने माझा हात धरला. "थांब गं. त्याला सांग, माझ्या ह्या लेकीला बघायला अकरा मुलगे आले. अकराही जणांनी चहा घेतला, वर पोहे खाल्ले आणि 'कळवतो' म्हणून निघून गेले. ह्याचा नियम लावला असता, तर हिला आज अकरा नवरे असते!"

मी लाजेने अर्धमेली झाले, पण सांगितलं. फक्त अकराचे पाच केले.

"फाइव्ह नाही गं, इलेव्हन!" आई ओरडली.

यावुझ माझ्याकडे बघतच राहिला. मग मिशा हलेपर्यंत हसला आणि दारातून बाजूला झाला.

"मॅडम," तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "घरी जाऊन कळवा."