मूळव्याधीचा चोर

तांबडगडच्या राजा वीरधवलांना मूळव्याध झाली आणि शिक्षा झाली भिकोबा सुताराला. सिंहासन त्याने घडवलं होतं ना! लाकडानेच घात केला असं महाराजांच्या मनाने घेतलं. वैद्यबुवांना खरं कारण माहीत होतं, पण त्यांना स्वतःचं डोकंही प्रिय होतं. दरबाराने माना डोलावल्या आणि हुकूम सुटला, परवा सुताराचे हात तोडा.

भिकोबाची बायको गोजरा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात पीठ चाळायची. ती पदर खोचून तडक दरबारात आली. महाराज चार उशांवर एका कुशीला कलंडले होते.

"महाराज, माझा नवरा निर्दोष आहे."

"मग दोषी कोण? उद्या सकाळी इथे उभा कर. आणि राजा कधी चुकत नाही, हे ध्यानात ठेव. आमच्याकडे बोट दाखवलंस, तर नवऱ्याच्या हातांबरोबर तुझी जीभही जाईल."

प्रधानजी मिशीत हसले. आता ही बया कोणाला आणते बघू!

दुसऱ्या दिवशी गोजराने दरबारात चक्क घोडा आणला. महाराजांच्या पालखीपुढे रिकाम्या पाठीने मिरवणारा, तोच तो.

"हा घ्या चोर, महाराज. आपल्या पोळ्यांसाठी मी पीठ वस्त्रगाळ करते, त्यातला सगळा कोंडा हा खातो. आपल्या ताटातून परत आलेली पालेभाजी हाच फस्त करतो. आपल्या वाटचं पाणी पितो. आपण पालखीत असता, तेव्हा आपल्या वाटचं चालणंही हाच चालून घेतो. आता शेपटी उचलून बघा, याला आहे का काही दुखणं?"

प्रधानजींनी खरंच शेपटी उचलून पाहिली. काही नव्हतं.

महाराजांच्या ओठांचा कोपरा हलला. "एकटाच आहे हा चोर?"

"साथीदार आहे ना, आपला भाट. आपण शौचकूपात गेलात की हा दाराबाहेर आपल्या पराक्रमाचं कवन गातो. बेचाळीस कडवी! ते अर्ध्यावर टाकून आपण उठणार तरी कसे? घोड्याचं बरं आहे. काम उरकलं की निघाला. त्याच्या मागे बसून कोणी वाहवा करत नाही."

मग महाराज जे हसत सुटले, ते कळ येऊन "आई गं" म्हणेपर्यंत!

"सुताराला सोडा. चोरीचा माल आजपासून आमच्या ताटात आणा. आणि भाटाची इनामाची जमीन हिच्या नावावर करा."

"आणि भाटाचं काय करायचं, महाराज?" प्रधानजींनी विचारलं.

"त्याला तबेल्यात बसवा. रोज बेचाळीस कडवी घोड्याला ऐकवू दे. घोड्यालाही मूळव्याध झाली, म्हणजे दोष कवनाचाच, अशी तुम्हा सगळ्यांची खात्री पटेल!"