हिरवे गोंडे आणि लाल वही

सांगा बरं, टायर घेताना माणसाने भरवसा कोणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्या दुकानदारावर, रस्ते तुडवून आलेल्या ड्रायव्हरवर, की वहीत लिहिलेल्या आकड्यावर? वहीवर म्हणाल, तर जरा थांबा. वही स्वतःहून काही बोलत नसते. तिच्या तोंडी शब्द आपणच घालतो.

एका हमरस्त्यावर आंबेवळण नावाचा फाटा होता. तिथे हुसेनभाई तांबोळी नावाचा एक टायरवाला होता. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण टायरवरून हात फिरवला की तो कुठल्या रस्त्यावर झिजलाय ते सांगायचा. त्याच्या गल्ल्याशेजारी एक लाल वही असे. कुठला टायर किती किलोमीटर चालला आणि कधी गोटा झाला, म्हणजे नक्षी जाऊन गुळगुळीत झाला, एवढंच तिच्यात लिहिलेलं. गिऱ्हाइकाचं नाव कुठेच नाही. हुसेनभाई म्हणे, "नाव लिहिलं की माणूस जपून बोलतो. नाव नसलं की खरं बोलतो."

त्याच फाट्यावर धोंडीराम सानप राहायचा. त्याचा एक ट्रक होता. तो चालवायला बायकोचा धाकटा भाऊ बबन. माल कांद्याचा, वाट दिल्लीची. धोंडीराम माणूस वाईट नव्हता. पण फुकटाची त्याला भारी गोडी. कोथिंबिरीच्या दोन काड्या वर घेतल्याशिवाय त्याचा पाय भाजीवालीपुढून निघत नसे.

तीन वर्षांपूर्वी त्याने हुसेनभाईकडून मागच्या चाकांना चार बारमाही टायर घेतले होते. हुसेनभाईने शब्द दिला होता, "पन्नास हजार किलोमीटरच्या आत गोटा झाले, तर मी बदलून देईन." हे ऐकलं आणि धोंडीरामाच्या डोक्यात किडा वळवळला. अधूनमधून तो ट्रकच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरची केबल सोडून ठेवू लागला. गाडी धावायची, मीटर झोपायचं. टायर गोटा झाले तेव्हा मीटरवर तीसच हजार भरले.

"तीस हजारांत गेले हो, हुसेनभाई!" त्याने दुकानात गळा काढला.

हुसेनभाईने मीटर पाहिलं. टायरवरून हात फिरवला, जरासा थबकला. मग मुकाट्याने चार नवे साधे टायर काढून दिले आणि वहीत लिहिलं: बारमाही, तीस हजारांत गोटा.

धोंडीराम त्या दिवशी शीळ घालत घरी गेला.

यंदा पौषात मात्र कांद्याची मागणी थेट बर्फाच्या मुलखातून आली. महिन्याला दोन गाड्या, परतीला सफरचंद. बबन हरखून गेला. "दाजी, लोक पैसे मोजून बर्फ बघायला जातात. तुम्ही मला पगार देऊन पाठवताय!"

मंजुळा, म्हणजे धोंडीरामाची बायको, हसली नाही. "काट्यातून जायचं तर आधी वहाण बघावी. माझ्या भावाच्या गाडीच्या पायात काय घालणार, ते सांगा."

धोंडीराम हुसेनभाईकडे गेला. हुसेनभाईने त्याला तीन थप्प्यांपुढे उभं केलं.

"हे साधे. आपल्या उन्हात दगडासारखे टिकतात. पण कडाक्याच्या थंडीत खरोखरच दगड होतात. दगड बर्फाला काय धरणार? आणि हे निव्वळ हिवाळी. रबर मऊ, बर्फाला मिठी मारतं. पण तुमची निम्म्याहून जास्त वाट उन्हाची, त्यात कांद्याचं वजन. खोडरबरासारखे झिजतील."

"आणि हे?" धोंडीरामाने तिसऱ्या थप्पीकडे बोट केलं.

"बारमाही. कडेला बघा, डोंगर कोरलाय आणि त्यात बर्फाचं फूल. ऊनही सोसेल, बर्फही सोसेल, अशी ती खूण. पूर्वी मी डोळे मिटून हेच दिले असते. पण वही नको म्हणते." हुसेनभाईने लाल वही उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. एका गिऱ्हाइकाला तीस हजारांत दगा दिला. ऐन घाटात नक्षी संपली तर बबनने काय करायचं? दोन वर्षं झाली, मी हे कोणालाच देत नाही. तुम्ही साधेच न्या, बर्फात चाकांना साखळ्या बांधा, बाकी वरवाल्यावर सोपवा."

धोंडीरामाने वहीवरची नजर काढून घेतली. "कोण गिऱ्हाईक?"

"नाव मी लिहीत नाही. पण मीटर माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं."

"आकड्याचं राहू द्या. मला बारमाहीच द्या."

"नाही देणार," हुसेनभाई ठामपणे म्हणाला. "दुसरं कोणी मागितलं असतं तरी दिलं नसतं. हा तर आपला बबन आहे."

धोंडीराम परतला. तीस हजार खोटे, हे त्याला ठाऊक होतं. पण खरे किती, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. केबल सोडताना त्याने हुसेनभाईच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. ती उडून त्याच्याही डोळ्यांत गेली होती.

जेवताना मंजुळेने विचारलं, "ठरलं का?"

"साधेच घ्यायचे. वर साखळ्या."

"हुसेनभाई म्हणाले ना? मग बरोबरच असणार," मंजुळा निर्धास्त झाली आणि तिने पानात आणखी एक भाकरी वाढली. धोंडीरामाने ती भाकरी तशीच बाजूला सारली. त्याच्या खोट्यावर आता त्याची स्वतःचीच बायको विसंबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बबनला घेऊन, ट्रकसकट दुकानापुढे येऊन उभा राहिला. "हुसेनभाई, ते गिऱ्हाईक मीच," तो म्हणाला. केबलचं सगळं सांगून टाकलं. सांगताना त्याची मान जी खाली गेली, ती वर आली नाही.

हुसेनभाईने लाल वही पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "टायरवरून फिरवला तेव्हाच हात म्हणत होता, हे वय तीस हजारांचं नाही. पण मीटरपुढे मी माझ्या हाताला गप्प बसवलं. अर्धी चूक माझी. बरं, आता खरा आकडा सांगा."

धोंडीरामाकडे खरा आकडा नव्हताच. आकडा असता तर सांगितला असता.

बबन मात्र खो खो हसू लागला. "दाजी, अहो, आकडा तर गाडीत लटकलाय!"

बबनला एक नाद होता. दिल्लीची खेप टाकून परतताना तो दर वेळी एक गोंडा विकत घ्यायचा आणि केबिनमध्ये टांगायचा. टायर नवे बसले की गोंड्याचा रंगही नवा. बारमाहीच्या दिवसांतले गोंडे हिरवे होते. मीटर झोपलं होतं, पण गोंडे जागे होते.

तिघांनी केबिनमध्ये माना वर करून मोजले. हिरवे गोंडे भरले पंचवीस.

"जाऊन-येऊन सव्वीसशे किलोमीटर," हुसेनभाईने बोटांवर गुणाकार केला. "पासष्ट हजार! अरे, दोन वर्षं मी सोन्याला पितळ म्हणत बसलो की!"

धोंडीरामाने वहीतली ती ओळ खोडायला पेन मागितलं. हुसेनभाईने पेन दिलं, पण म्हणाला, "खोडू नका. खोडलेलं पुन्हा कोणी वाचत नाही. खाली लिहा."

धोंडीरामाने लिहिलं: वरचा आकडा खोटा. खरे पासष्ट हजार. आणि कोणी सांगितलं नसताना त्याखाली आपलं नाव लिहिलं. लाल वहीतलं ते पहिलं नाव.

मग त्याने तेव्हा फुकट घेतलेल्या चार साध्या टायरांचे पैसे पुढे केले. हुसेनभाई व्यापारी माणूस. नको नको म्हणाला नाही. मोजून घेतले, आणि चहा मात्र स्वतःच्या खिशातून पाजला.

मागच्या चाकांना नवे बारमाही टायर चढले. साखळ्याही सोबत दिल्या, कारण चांगला टायर म्हणजे काही मंतरलेला टायर नव्हे. दोन आठवड्यांनी बबन सुखरूप परत आला. मंजुळेच्या हाती सफरचंदांची पेटी ठेवत म्हणाला, "ताई, घाटात पुढच्या दोन गाड्या आडव्या झाल्या होत्या. आपली चाकं मांजराच्या पंजासारखी धरून चढली. दाजी, यांच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही."

"चाकांवर ठेवते," मंजुळा म्हणाली. एव्हाना तिला सगळं कळलं होतं. "तुझ्या दाजींचं बघू, हळूहळू."

धोंडीरामही हसला. केबिनमध्ये हिरव्या गोंड्यांशेजारी नव्या टायरांचा पहिला, पांढरा गोंडा डुलत होता. आणि मीटरची केबल जागच्या जागी होती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वहीत आपण घातलेलं खोटं एक दिवस सल्ला होऊन आपल्याच दारी येतं, म्हणून बाबांनो, हिशोब रुपयांचा असो की चाकांचा, तेवढा खरा ठेवा.