कोंडाईचा गाडा

निंबजळच्या वेशीबाहेर, ओढ्याच्या काठाला, बाभळीच्या लाकडाचा दोन चाकांचा गाडा उभा असतो. त्याला बैल जुंपायची सोय नाही. नुसती दहा हात लांब दांडी. या गावात प्रेताला खांदा देत नाहीत, या गाड्यावरून नेतात. असं का, हे कोणी विचारलं की रंगूतात्या त्याला पारावर बसवून घेतात आणि सांगू लागतात.

फार मागे, म्हणे, इथे नारबा सुतार राहत होता. एका उन्हाळ्यात ओढ्यापाशी कोणी वाटसरू मरून पडला. त्याचं गाव, जात कोणालाच ठाऊक नव्हती. दोन दिवस कोणी हात लावेना. तिसऱ्या दिवशी नारबाने त्याला एकट्याने पाठीवर घेतलं, मसणवटीत नेलं, अग्नी दिला. त्यात त्याची पाठ कायमची धरली. आणि जात न विचारता मढं उचललं म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलं. विस्तव बंद, पाणी बंद, बोलणंही बंद.

वर्षभरात त्याची बायको कोंडाई अंथरुणाला खिळली. घरात तिसरं माणूस नव्हतं. मरणाचं तिला भय नव्हतं. घोर वेगळाच होता.

"म्या गेल्यावर चार खांदे कुठून आणाल?" ती म्हणाली. "तुमची पाठ तर अशी."

"उगी काय बी बोलू नगंस."

"सुतार हायसा न्हवं? मग काय तरी करा. माझ्या डोळ्यांदेखत करा, म्हंजी मला घोर न्हाई."

नारबाने अंगणात बाभूळ तासायला घेतली. कोंडाई ओसरीवरून बघत पडून असे. मोठी दोन चाकं, मध्ये आस, आसाला ती लांब दांडी आणि आसापलीकडे निघालेल्या तिच्या आखूड टोकाला आकडा. दांडी उभी केली की आकडा जमिनीशी येई. त्याला ओझं बांधून दांडी खाली ओढली की ओझं अलगद उचललं जाई. नारबाने पाटा बांधून पाहिला, मग उखळ. एका हाताने उचललं.

"दगडाला काय कळतंय?" कोंडाई म्हणाली. "मला बांधून बघा."

चार दिवस तो ऐकेना. पाचव्या दिवशी त्याने तिला घोंगडीत गुंडाळून फळीवर निजवलं, दोर आवळले आणि दांडी ओढली. ती जमिनीपासून वीतभर उचलली गेली. ती हसली, असं सांगतात.

"काय बी तरास न्हाई. आसाला जरा तेल घाला."

नारबा तिथेच दांडी धरून रडत राहिला. सोडली तर ती आदळली असती.

आठवड्याने कोंडाई गेली. सकाळी नारबा गाडा ओढत निघाला. विहिरीवरच्या बायांनी पाहिलं, घागरी ठेवल्या, पदर डोळ्यांना लावले. बघता बघता वाटेच्या दोन्ही बाजूंना गाव गोळा झालं. म्हातारा पाटील पुढे आला, पागोटं उतरवलं आणि खांदा द्यायला वाकला.

"राहू द्या, पाटील," नारबा म्हणाला. "ती मला जड न्हाई."

अग्नी देऊन तो ओढा ओलांडून गेला, तो परत आला नाही. गाडा काठावर तसाच राहिला. त्यानंतर पाटील वारले, तेव्हा त्यांच्याच शेवटच्या शब्दाखातर त्यांना त्याच गाड्यावरून नेलं, म्हणे.

लाकूड कुजतं, तसं गाव नवं घालतं. आजही निंबजळात कोणी वारलं की बाहेरगावचे सोयरे सवयीने खांदा द्यायला पुढे सरतात. गावातलं कोणीतरी हलकेच त्यांचा हात धरतं आणि म्हणतं, "राहू द्या पाव्हणं. तो मान आमच्याकडं राहिला न्हाई."